वहीत काही नाही, मग फी कशाची?

आदरणीय ताई,
इचलकरंजीत दोन वर्षांपासून मी एक छोटी बालवाडी चालवते. घराच्या पुढच्या दोन खोल्या आणि एक पत्र्याची शेड, सकाळी नऊ ते बारा. बत्तीस मुलं, मी आणि मदतीला एक मावशी. बहुतेकांचे आईवडील यंत्रमागावर नाहीतर सायझिंगला (सुताला खळ लावायच्या कारखान्यात) कामाला. मुलं माती मळतात, मणी ओवतात, गाणी म्हणतात, डबे एकत्र खातात. गेल्या महिन्यात एका मुलाच्या वडिलांनी (ते जॉबर आहेत, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारे) सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, पोराच्या वहीत काहीच नाही. शेजारचं इंग्लिश मीडियमचं पोरगं एबीसीडी लिहितंय. तुम्ही नुसतं सांभाळता, मग फी कशाची?" मला उत्तर सुचलं नाही. नंतर चार मुलं गेली. तेव्हापासून सुटायच्या आधी वीस मिनिटं मी टिंबांवरून 'अ' गिरवून घेते, म्हणजे वहीत काहीतरी दिसतं. सासूबाई म्हणतात, "ही सगळी परदेशी थेरं. आमची पोरं काय बालवाडीत जाऊन मोठी झाली?" पुढच्या शनिवारी पालकसभा आहे, दहा मिनिटं बोलायचं आहे. बालवाडी आली कुठून, कुणी काढली, कशासाठी, हे मला धड सांगता येत नाही. कोर्सला नावं पाठ केली होती, परीक्षा झाली आणि विसरले. काय बोलू? मला अगं-तुगं केलंत तरी चालेल.
— बालवाडीची बाई, इचलकरंजी

बाई गं,

तो जॉबर चारचौघांत बोलला म्हणून तुला लागलं. पण प्रश्न काही वावगा नव्हता. पैसे मोजणाऱ्याने विचारू नये तर कुणी विचारावं? शिवाय प्रश्न नवाही नाही. दोनशे वर्षांपूर्वी सुताच्याच एका गावात तो विचारला गेला होता, आणि विचारणारे मजूर नव्हते, मालक होते.

स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीच्या काठी न्यू लॅनार्क नावाचं गाव आहे. नदीच्या पाण्यावर फिरणाऱ्या सूतगिरण्या आणि त्यांना लागून मजुरांची घरं. १८०० साली रॉबर्ट ओवेन तिथला कारभार बघायला लागला, तेव्हा धर्मादायातून आणलेली शेकडो गरीब पोरं गिरणीत राबत होती. ओवेनने दहा वर्षांखालची मुलं कामावर घेणं थांबवलं. मग पेच पडला, या मुलांचं दिवसभर करायचं काय? बाप गिरणीत, आई गिरणीत. ओवेनने शाळा काढायचं मनावर घेतलं, तर भागीदार बिथरले. खर्च कशाचा? यातून मिळणार काय? तंटा इतका विकोपाला गेला की १८१३ मध्ये गिरणीचा लिलाव झाला, आणि ओवेनने नवे भागीदार जमवून ती पुन्हा ताब्यात घेतली. १ जानेवारी १८१६ ला शाळा उघडली. पोरगं चालायला लागलं की दाखल.

आता मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगते. या लहानग्यांसाठी ओवेनने नेमलेला मास्तर कोण होता? जेम्स बुकॅनन, हातमागावरचा विणकर. आणि त्याच्या मदतीला मॉली यंग नावाची सतरा वर्षांची मुलगी. शिकलेल्या मास्तरांना ओवेनने मुद्दामच टाळलं, कारण छडी आणि पुस्तक यांपलीकडे त्यांना काही दिसत नसे. बुकॅननकडे विद्या बेताची, पण चिकाटी होती आणि पोरांचा लळा होता. त्याला सूचना अशा: मारायचं नाही, धमकावायचं नाही, आवाज चढवायचा नाही, आणि सोबत्याला आनंदात ठेवावं एवढंच पोरांना शिकवायचं. पुस्तकांनी त्यांना बेजार करायचं नाही. खोलीत प्राण्यांची चित्रं आणि नकाशे, टेबलावर बागेतून-शेतातून आणलेल्या वस्तू. मुलं विचारतील ते सांगायचं. गाणं, नाच, आणि हवा चांगली असली की बाहेर.

ब्रिटनमधली पहिली शिशुशाळा म्हणून जिचं नाव घेतात, तिचा मास्तर मागावरचा माणूस होता. सभेत बाकी काही आठवलं नाही तरी हे सांग. त्याच्याही आधी, फ्रान्समधल्या व्होज डोंगरातल्या खेड्यांत, ओबरलिन नावाच्या पाद्र्याच्या गावांत तरुण मुली लहान पोरांना गोळा करून विणकाम शिकवत आणि हात चालू असताना गोष्टी सांगत. त्या शाळांना नावच विणकामाच्या शाळा असं पडलं होतं. म्हणजे तिथेही सूतच.

पण ओवेनला देव करू नकोस. तो मालकच होता. पोरं शाळेत बसली म्हणजे आया निवांतपणे गिरणीत येणार, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. बालशिक्षणाचा इतिहास मी इतकी वर्षं शिकवला, त्यातून माझं एक मत झालं आहे. बालवाडी जवळजवळ नेहमीच सुरू होते ती मोठ्यांच्या सोयीसाठी. कुणाला मजूर हवे असतात, कुणाला इमारतीच्या भिंती स्वच्छ हव्या असतात, कुणाला पोर घराबाहेर पडायला हवं असतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. खरा फरक पडतो तो दार लागल्यानंतर. आत बसलेलं माणूस मुलाकडे बघतं, की दाराबाहेर उभ्या असलेल्या मोठ्यांकडे?

हे मत कसं झालं, तर याच गोष्टीच्या पुढच्या भागावरून. बुकॅनन पुढे लंडनला गेला आणि तिथे तशीच शाळा चालवू लागला. त्याच्याकडे बघून सॅम्युअल वाइल्डरस्पिन नावाचा गृहस्थ या कामात आला आणि १८२० मध्ये स्पिटलफील्ड्समध्ये शाळा चालवू लागला. ही रेशीम विणणाऱ्यांची वस्ती, पुन्हा मागांचा खडखडाट. माणूस कामाचा होता. शाळेला खेळायचं मैदान हवंच, हा आग्रह त्याचा, त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण मुलं खूप, मास्तर एक. म्हणून त्याने गॅलरी आणली: नाटकगृहात असतात तशा चढत्या पायऱ्या, त्यांवर ओळीने बसवलेली चिमुरडी, समोर मास्तर, आणि सगळ्यांच्या तोंडी एका सुरात तेच. बघायला आलेले लोक खूश होत. दोन वर्षांचं पोरगं काय घडाघडा म्हणतंय! ही पद्धत गावोगाव गेली. विणकराने सुरू केलेलं काम वीस वर्षांच्या आत पाहुण्यांना दाखवायची वस्तू झालं.

तुझी ती वीस मिनिटं म्हणजे हीच गॅलरी आहे गं. चिडू नकोस, मीही तेच केलं आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका नावाजलेल्या शाळेत मी साडेतीन वर्षांच्या मुलांना टिंबांवरून गिरवायला बसवत असे, कारण शनिवारी वह्या घरी जायच्या. एका मुलाने एक दिवस ते पान फाडून शांतपणे खाऊन टाकलं. मी त्याला रागावले, आणि घरी येऊन स्वतःवर रागावले.

किंडरगार्टनकडे वळू, कारण तुझे पालक दिवसातून दहा वेळा एलकेजी-यूकेजी म्हणत असतील. त्यांना विचार, केजी म्हणजे काय? के म्हणजे किंडर, मुलं. जी म्हणजे गार्टन, बाग. जर्मन शब्द आहे, १८४० मध्ये फ्रेडरिक फ्रोबेलने दिलेला. फ्रोबेल एक वर्षाचाही नसताना त्याची आई वारली, लहानपण एकटं गेलं, तरुणपणी वनखात्यातल्या माणसाच्या हाताखाली उमेदवारी केली. झाडं वाढताना बघितलेला माणूस. त्याने मुलांसाठी खेळणी बनवली, त्यांना तो 'भेटी' म्हणायचा: पहिल्या भेटीत लोकरीचे सहा रंगांचे चेंडू, दुसरीत लाकडी गोल, नळकांडं आणि घन, तिसरीत आठ छोट्या घनांत सुटणारा एक मोठा घन. पुढे कागदाच्या घड्या, टोचकाम, पट्ट्यांचं विणकाम. तुझ्याकडे मुलं कागदाच्या पट्ट्या एकाआड एक घालून चटई विणतात ना, ती त्याच्याकडून आलेली.

त्याच्या नशिबी आलं काय? ७ ऑगस्ट १८५१ ला प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. नास्तिक आणि समाजवादी विचार पसरवतात म्हणून. त्याच्या पुतण्याच्या, कार्ल फ्रोबेलच्या, लिखाणाचं खापर काकाच्या माथी फुटलं असं म्हणतात. लोकरीच्या चेंडूंना घाबरलेलं सरकार! पुढच्या जूनमध्ये फ्रोबेल गेला, बंदी उठायला १८६० उजाडलं. तोवर त्याच्या शिष्या वेगवेगळ्या देशांत पसरल्या होत्या. १८५६ मध्ये मार्गारेट शुर्झ नावाच्या जर्मन बाईने अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये आपल्या घरातच किंडरगार्टन सुरू केलं. घराच्या पुढच्या खोलीत बालवाडी चालवणारी तू पहिली नाहीस.

आता माँटेसरी. ही पाटी तुझ्या गल्लीतही असेल. पाटी कुणालाही लावता येते, म्हणून पाटीवर जाऊ नये. डॉक्टर मारिया माँटेसरींची पहिली शाळा ६ जानेवारी १९०७ ला रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत उघडली. कारण ऐकण्यासारखं आहे. तिथल्या चाळी एका कंपनीने दुरुस्त केल्या, कुटुंबं राहायला आली, आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली पोरं जिने आणि भिंती खराब करायला लागली. कंपनीने विचार केला, रंगरंगोटीचा खर्च करण्यापेक्षा पोरांना एका खोलीत सांभाळायला माणूस ठेवू. भिंती वाचवायला सुरू झालेली शाळा! कंपनीला कुठे ठाऊक, कुणाला बोलावलं ते.

तिथे काय घडलं, ते तुझ्या जॉबरला मुद्दाम सांग, कारण ते लिहिण्याबद्दलच आहे. माँटेसरीबाईंनी मुलांच्या हातात पेन्सिल देण्याची घाई केली नाही. आधी लाकडी दट्ट्या होत्या, ज्यांचं बोंड तीन बोटांत धरून उचलावं लागे. मग पत्र्याच्या आकारांच्या कडेने रेघ ओढायची, आत रंग भरायचा. मग खरखरीत कागदाची कापलेली अक्षरं, त्यांवरून दोन बोटं फिरवायची आणि आवाज करायचा. लिहायला कुणी सांगितलंच नाही. डिसेंबरातल्या एका उन्हाच्या दिवशी बाई मुलांना घेऊन गच्चीवर बसल्या होत्या. पाच वर्षांच्या मुलाला त्यांनी खडू दिला आणि समोरच्या धुराड्याचं चित्र काढायला सांगितलं. त्याने काढलं, क्षणभर थांबला आणि ओरडला, मला लिहिता येतं! मग फरशीवर गुडघे टेकून त्याने एक शब्द लिहिला: 'हात'. मग 'धुराडं', मग 'छप्पर'. बाकीची मुलंही खडू मागायला लागली.

पहिला शब्द 'हात'. हे वाचताना मला अजून अंगावर काटा येतो. (एक गोष्ट ध्यानात ठेव. इटालियन बरीचशी बोलू तशी लिहितात. मराठीही तशीच. इंग्रजीचं तसं नाही, म्हणून इंग्रजी लिहिण्याची घाई आणखी महाग पडते. बोलायला, गाणी म्हणायला इंग्रजी जरूर असू दे. पालकांना इंग्रजी हवं असतं त्याला नाक मुरडू नकोस, त्यांची गरज खरी आहे.)

आता तुझ्या गावाकडे येते. माझ्या आतेभावाचे इचलकरंजीत आठ माग होते, म्हणून थोडं ठाऊक आहे. तिथे 'वही' शब्दाला दोन अर्थ आहेत: एक कागदाची, दुसरी मागावरची, जिच्या डोळ्यांतून ताण्याचे धागे जातात. बीम, म्हणजे ताण्याचे धागे गुंडाळलेला रूळ, मागावर चढण्याआधी वहिफणीवाला बसतो आणि एकेक धागा आधी वहीच्या डोळ्यातून, मग फणीच्या फटीतून ओवतो. हजारो धागे. एक जरी चुकला तरी थानभर रेघ उमटते. त्या माणसाच्या बोटांना आणि डोळ्यांना हे कुठल्या पुस्तकाने शिकवलं? जॉबर म्हणतो पोराच्या वहीत काही नाही. तू म्हण, भाऊ, आम्ही आधी तुमच्या मागावरची वही शिकवतो, कागदाची मागून येते. मणी ओवणं म्हणजे दुसरं काय आहे? हे त्याला तुझ्या-माझ्यापेक्षा लवकर कळेल.

सासूबाईंच्या 'परदेशी थेरां'चं काय करायचं? निम्मं त्यांचं खरं आहे. फ्रोबेल-माँटेसरी तिकडचे. पण बालवाडी मराठी मातीत रुजली ती तिकडून आणून ठेवल्याने नाही.

गुजरातेत, काठेवाडात गिजुभाई बधेका नावाचे वकील होते. झुबकेदार मिशा. १९१३ मध्ये मुलगा झाला, त्याला कसं वाढवावं म्हणून माँटेसरी वाचायला घेतलं आणि वकिली सुटली. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर काढलं. लोक त्यांना 'मूछाळी मा', मिशीवाली आई, म्हणत. माँटेसरीबाई स्वतः भारतात, मद्रासला अड्यारला, आल्या १९३९ च्या अखेरीस. म्हणजे त्या येण्याच्या एकोणीस वर्षं आधी इथे काम सुरू झालं होतं, आणि दुर्दैव असं की त्याच वर्षी जूनमध्ये गिजुभाई गेले. महायुद्धात इटलीची माणसं इंग्रजांची शत्रू ठरल्यामुळे माँटेसरीबाई इथे अडकल्या आणि १९४६ पर्यंत राहून शिक्षक घडवत राहिल्या.

गिजुभाईंबरोबर भावनगरला काम करणाऱ्या बाई म्हणजे आपल्या ताराबाई मोडक. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर, राजकोटला प्राचार्यपद भूषवलेल्या. ते सोडून त्या बालमंदिरात पोरांबरोबर जमिनीवर बसल्या. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ काढला, पुढे १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं. तिथवर हे काम मध्यमवर्गाचंच होतं, हे कबूल करायला हवं. माँटेसरीचं साहित्य महाग, शाळा शहरात, पोरं धुतल्या कपड्यांची.

१९४५ मध्ये ताराबाई उठल्या आणि बोर्डीला गेल्या. वय त्रेपन्न. त्याच वर्षी त्याच डहाणू-उंबरगावच्या पट्ट्यात वारली आदिवासींनी वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला होता. कसला भाग होता तो, यावरून कळेल. त्यांच्याबरोबर आल्या अनुताई वाघ, पस्तिशीच्या, तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य आलेल्या, शिकून मास्तरीण झालेल्या. यांनी बालवाडी उघडली, पण हरिजन-वारल्यांची मुलं येईनात. मोठी बहीण लहान्याला सांभाळते, मोठा भाऊ गुरं राखतो, आईबाप मजुरीला. बोलावून थकल्यावर या बायांनी काय केलं? बालवाडी उचलली आणि पाड्यावर नेली. कुणाच्या तरी अंगणात बसायचं, मुलांचे हात-पाय धुवायचे, नखं काढायची, केस विंचरायचे, मग गाणं, मग खेळ. त्या अंगणातल्या बालवाडीला ताराबाईंनी नाव दिलं अंगणवाडी. गुराख्यांसाठी कुरणात शाळा भरवली, ती कुरणशाळा. महागड्या साहित्याच्या जागी शिंपले, गोटे, बिया, ताडाची पानं आली. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू झाली आणि तिच्या केंद्राचं नाव ठेवलं गेलं अंगणवाडी. आज तमिळनाडूपासून आसामपर्यंत लोक हा मराठी शब्द बोलतात. अनुताई १९९२ पर्यंत, म्हणजे पुरी सत्तेचाळीस वर्षं, त्याच कामात राहिल्या.

म्हणून सासूबाईंना सांग, थेरं परदेशी असतील, अंगण आपलं आहे. त्यांचं दुसरं म्हणणंही ऐक. त्यांची पोरं बालवाडीशिवाय मोठी झाली, खरंच. पण त्यांच्या घराला ओसरी होती, चुलत भावंडांची फौज होती, भातुकली होती, आजी धान्य निवडायला बसली की शेजारी बसून पोरही खडे वेचायचं. आता दहा बाय बाराची खोली, आई दिवसपाळीला, बाप रातपाळीला, आणि पोराच्या हातात मोबाइल. सासूबाईंकडे जे होतं तेच तू तीन तासांत देतेस. त्यांनाच बोलाव. आठवड्यातून एक दिवस सूप घेऊन शेडमध्ये बसू देत, चार ओव्या म्हणू देत. विरोध करायला त्यांना वेळ उरणार नाही.

पालकांपैकी कुणी म्हणेल, गोष्टी छान आहेत, पण उपयोग झाल्याचा पुरावा? अमेरिकेत मिशिगनमधल्या इप्सिलँटी गावात १९६२ ते १९६७ दरम्यान १२३ गरीब कृष्णवर्णीय मुलांवर एक प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. ५८ मुलांना चांगली बालवाडी मिळाली, ६५ जणांना नाही. ही मुलं चाळिशीची होईपर्यंत संशोधक त्यांच्या मागावर राहिले. गंमत अशी की बालवाडीच्या मुलांनी बुद्धिमापन चाचणीत सुरुवातीला मारलेली आघाडी दोन-चार वर्षांत विरून गेली. वहीत दिसणारं जे होतं ते पुसलं गेलं म्हण ना. पण मोठेपणी त्यांतले जास्त जण शाळा पुरी केलेले, जास्त कमावणारे निघाले आणि पोलिसांच्या तावडीत कमी सापडले. एका छोट्या गावातल्या मोजक्या मुलांची गोष्ट आहे, ती ताणून सांगू नकोस. पण सांग. आणि पहिलीत मागे पडेल या धास्तीवर एवढंच सांग की २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा एकच टप्पा धरला आहे, पहिली सहा वर्षं पूर्ण झाल्यावर, आणि त्याआधी खेळातून शिकणं. सरकारच तसं म्हणतंय म्हटल्यावर काहींचा जीव भांड्यात पडतो.

आता तुला चार गोष्टी सुनावते.

ती वीस मिनिटं सोमवारपासून बंद. त्या जागी जमिनीवर खडूने मोठ्या रेघा, गोल, नागमोडी वळणं. त्यांवर चिंचोके मांडायचे. ज्या साडेपाच वर्षांच्या मुलाला स्वतःहून लिहायचं आहे त्याला मात्र अडवू नकोस, पाटी दे. आपल्या क्षेत्रात काही जणी इतक्या सोवळ्या असतात की अक्षर दिसलं तरी विटाळ होतो. तेही नको.

दुसरं, बत्तीस मुलं दोघींना जास्तच होती, अठ्ठावीसही जास्तच आहेत. चार गेली याचं दुःख पैशाचं असेल, ते खरं आहे, पण मुलांच्या अंगाने बघितलंस तर सुटका आहे. गट दोन कर: एक शेडमध्ये माती-पाण्याशी, एक खोलीत मणी-ठोकळ्यांशी, तासाने अदलाबदल. आणि मावशीला 'मदतीला एक मावशी' म्हणू नकोस. मॉली यंग आठव. तिलाही गोष्ट सांगायला दे, सभेत पुढे बसव.

तिसरं, पालकांना डोळ्यांनी दिसेल असं काहीतरी हवं असतं, ते नाकारून चालत नाही. गॅलरीऐवजी दुसरं काही दाखव. प्रत्येक मुलाची एक पुठ्ठ्याची फाइल कर. महिन्यातून दोन ओळी, तारीख घालून: जूनमध्ये कात्री धरता येत नव्हती, ऑगस्टमध्ये रेघेवरून कापलं. आधी डबा झाकून खायचा, आता शेजाऱ्याला देतो. दोन ओळी लिहायला तुला रोज एक-दोन मुलांकडे नीट बघावं लागेल. महिन्याला अठ्ठावीस मुलं, हिशेब जमतो.

चौथं फीबद्दल. 'नुसतं सांभाळता' हे ऐकून तू खजील झालीस. का? सांभाळतेसच. आई मागावर असताना तिचं लेकरू कुणी मारत नाही, दटावत नाही, त्याचं नाक पुसतं, त्याच्या प्रश्नाला उत्तर देतं. फी त्याची आहे. हे मान वर करून सांग.

आणि दहा मिनिटांपैकी सहा मिनिटं बोलूच नकोस. चटया अंथर. उजव्या हाताने लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या डाव्या हातात पेन्सिल दे आणि दहा वेळा 'अ' काढायला सांग. पोरांना काय वाटतं ते दोन मिनिटांत समजेल, हशाही होईल. मग ताटलीत मूग, मटकी, तांदूळ मिसळून निवडायला दे, दोरा-मणी दे. मग न्यू लॅनार्कच्या विणकराची गोष्ट सांग, जमलं तर गच्चीवरच्या मुलाची. बोर्डीची सांगायला वेळ उरला नाही तरी चालेल, ती सासूबाईंना घरी सांग.

तो जॉबर येईल की नाही ठाऊक नाही. आला तर दाराशी उभा राहील, तिथे राहू देऊ नकोस. खाली बसव, दोरा त्याच्या हातात दे. मग सोमवारी किती मुलं आली ते मला कळव.